त्रेसष्ट की साठ तीन?

दुसरीच्या_बाई

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असंही वाचन त्यात दिलं होतं. विषय विधानसभेपर्यंत गेला, घरोघरी टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना संख्या कळावी म्हणून ही दुसरी रीत सोबत दिली आहे. फार थोड्यांनी ऐकून घेतलं. पुढे त्या गेल्या, वादही विरला. पण मी रोज त्या वर्गात उभी असते आणि मला त्यांचं म्हणणं पटतं, म्हणून लिहिते आहे.

परवा मी म्हटलं, 'त्रेसष्ट लिहा.' माझ्यासमोरच बसलेली एक मुलगी पुटपुटली, 'त्रे...' आणि पाटीवर ३ काढला. थांबली. मग 'सष्ट' म्हणत पुढे ६ काढला. झाले ३६. कानावर आधी जे पडलं ते तिने आधी लिहिलं, यात तिचं काय चुकलं? मी म्हटलं, 'बरं, साठ तीन लिही.' एका दमात ६३. काड्या मांडायला सांगितल्या तर दहा-दहाचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या, बोटांवर न मोजता. म्हणजे संख्या तिला आलेली आहे, घोडं अडतंय ते नावापाशी.

इंग्रजीत एक ते एकोणीसचे १९ शब्द आणि वीस ते नव्वद या दशकांचे ८, असे २७ शब्द आले की मूल नव्याण्णवपर्यंत पोचतं. मराठीत जवळजवळ प्रत्येक संख्येचं नाव वेगळं लक्षात ठेवावं लागतं. त्रेपन्नमधले पन्नास आणि बासष्टमधले साठ आपल्याला ऐकू येतात, सात वर्षांच्या मुलाला नाही येत. नावं घडाघडा म्हटली की आपण 'आलं' म्हणतो, नाव अडलं की 'गणितात कच्चा' असा शिक्का मारतो. मला दोन्ही चुकीचं वाटतं. तुमचा काय अनुभव?

निवृत्त_गुरुजी

बाई, तुमची कळकळ पोचली, पण मला हे मान्य नाही.

'सात नव्वे त्रेसष्ट' म्हणा, आणि मग 'सात नव्वे साठ तीन' म्हणून बघा. जीभ अडखळते. पाढा कानात बसतो तो त्या ठेक्यामुळे, आणि एकदा बसला की ऐंशीव्या वर्षीही हलत नाही. माझे वडील चौथी शिकलेले, अडत्याच्या दुकानात दिवाणजी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, हे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ. शेतकरी गाडीवरून उतरायच्या आत हिशेबाची पट्टी तयार असायची. तोंडी हिशेब होत असल्यामुळे त्यांचं डोकं मोकळं असायचं, समोरच्या मालाकडे आणि माणसाकडे लक्ष द्यायला. पाठांतराला घोकंपट्टी म्हणून हिणवतात तेव्हा मला वाईट वाटतं ते यासाठी.

आणि मूल शाळेबाहेर जाणारच ना? भाजीवाली त्रेसष्ट म्हणणार, एसटीतला कंडक्टर त्रेसष्ट म्हणणार, आजी चौसष्ट कला आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनी सांगणार. साठ तीनवर वाढलेलं पोर तिथे काय करील? अवघड वाटतंय म्हणून वाट वळवायची नसते. रोज सकाळी दहा मिनिटं उजळणी घ्या, पावसाळा संपेपर्यंत येतं. मी ३४ वर्षं घेतली आहे.

सोलापूरकर

आमच्या घरी तेलुगू. आजी ६३ ला 'अरवै मूडु' म्हणायची, म्हणजे सरळ साठ तीन. शेजारच्या कन्नड घरात 'अरवत्तमूरु', तेही तसंच. मी मराठी शाळेत गेलो आणि पहिली दोन वर्षं मुकाट बसायचो, कारण घरी यायचं ते गणित शाळेत आल्यावर यायचं नाहीसं व्हायचं. एका मास्तरांनी 'तुझ्या भाषेत सांग' म्हटलं त्या दिवशी मी पहिल्यांदा हात वर केला. गुरुजी, तुमचा ठेका मला नंतर आला, आवडलाही. पण आधी मला कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं.

म्युनिकवासी

जर्मनमध्येही ६३ म्हणजे 'तीन आणि साठ'. इथली लहान मुलंही अंक उलटे लिहितात, शिक्षकांना ते माहीत असतं, एक-दोन वर्षांत सुरळीत होतं. माझ्या मुलीचं झालं. इंग्रजीचे दाखले देताना एक विसरतो आपण, तिथेही तेरा ते एकोणीसमध्ये एककच आधी येतो. प्रत्येक भाषेत असा एखादा चढ असतो. तो काढून टाकायची गरज मला वाटत नाही.

आईच्या_नजरेतून

माझा मुलगा इंग्रजी माध्यमात, सहावीत. परवा आजीने औषधांचे एकोणसत्तर रुपये झाले म्हणून सांगितलं, तर हा विचारतो, 'सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन?' आजीच्या चेहऱ्याकडे बघवेना. आम्ही नावं पाठ करून घेतली नाहीत, त्याची ही किंमत. मराठी शाळांनीही सोपी वाट धरली तर ही नावं उरणार कुठे? मी गुरुजींच्या बाजूने.

दुसरीच्या_बाई

आईच्या_नजरेतून, तुमच्या सासूबाईंचं वाचून मलाही कसंतरी झालं. पण तुमच्या मुलाने एकोणसत्तर कधी ऐकलाच नाही. माझ्या वर्गात दोन्ही एकत्र असतात. कार्ड दाखवलं की मुलं आधी 'साठ तीन' म्हणतात, लगेच 'त्रेसष्ट'. दिवाळीनंतर पहिलं आपोआप गळायला लागतं, मला सांगावं लागत नाही.

म्युनिकवासी, चूक होणार हे शिक्षकांना आधीच माहीत असणं, तेच तर मी मागते आहे. आपल्याकडे त्या चुकीवर लाल रेघ पडते.

गुरुजी, पाढ्यांबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पाढा जुन्याच नावांनी.

निवृत्त_गुरुजी

ठीक. पण मग एकोणऐंशीचं काय करता? 'सत्तर नऊ' म्हणून वाचलंत तर त्या नावातली सगळी गंमत गेली.

दुसरीच्या_बाई

तीच गंमत मुलांनीच काढली. ७९ चं कार्ड होतं. 'सत्तर नऊ' म्हणून झालं, 'एकोणऐंशी' म्हणून झालं, आणि मागून एकाने विचारलं, 'बाई, यात ऐंशी कुठून आले?' मी काड्यांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने आठ गठ्ठे मांडले, बराच वेळ बघत बसला, मग एका गठ्ठ्याचं रबर सोडलं, एक काडी काढून मुठीत धरली आणि म्हणाला, 'ऐंशीला एक कमी!' मग सगळ्यांनाच रबरं सोडायची होती. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, तास त्यातच गेला. शेवटी तोच म्हणाला, 'मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?'

निवृत्त_गुरुजी

नव्याण्णव हे संस्कृतातल्या 'नवनवति'वरून झिजत आलं, नऊ आणि नव्वद. बाकीची नवाची घरं पुढच्या दशकातून एक उणा करतात, हे एकच करत नाही. त्याला सांगा, तुझी शंका रास्त आहे आणि एका म्हाताऱ्या मास्तरला ती ३४ वर्षांत एकाही पोराने विचारली नव्हती.

पाढे मात्र दिवाळीची वाट न बघता सुरू करा. आजपासून.