सीख कबाब सळईवरून सुटतात आणि पॅनला चिकटतात, काय चुकतंय?

घरी मटण खिम्याचे सीख कबाब तीनदा करून बघितले आणि तिन्ही वेळा तेच झालं. नॉनस्टिक ग्रिल पॅन आहे, उंच रेघांचा. कबाब ठेवले की पाच मिनिटांत पाणी सुटतं, मग ते त्या पाण्यातच शिजत बसतात, रंग राखाडी, आणि उलटायला गेलं की निम्मा सळईवर निम्मा पॅनमध्ये. अर्धा किलो खिम्याला दोन कांदे बारीक चिरून, एक अंडं, दोन चमचे दही, आलं-लसूण, मिरची, गरम मसाला असं घालते. निखाऱ्यावरचा तो खरपूस वास गॅसवर येतच नाही का? बिडाचा पॅन घेऊ का?

प्रतिसाद १
पॅनचं नंतर बघू, आधी पाणी काढा. कांदा किसून मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि फडक्यात घट्ट पिळा, बघा किती पाणी निघतं ते. दही आणि अंडं दोन्ही नको, दही टिक्क्याच्या तुकड्यांना ठीक, खिम्याला ते सैल करतं. खिमा करून आणल्यावर धुवायचा नाही, मटण आधीच धुवून पुसून मग खिमा करायचा. चरबी साधारण पाचवा हिस्सा तरी हवी, अगदी सुका खिमा असेल तर कबाब कोरडा होऊन तडकतो.
आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मळणं. मीठ घालून चार-पाच मिनिटं चांगलं रगडून मळा, मिठाने मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात आणि तीच खिमा बांधून ठेवतात. गोळा तळहाताला चिकटवून हात उलटा करा, पडला नाही म्हणजे झालं. मग तासभर फ्रीजमध्ये. सळई चपटी असेल तर उत्तम, गोल बारीक सळईवर कबाब गरगर फिरतो.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण बिडाचं भांडं घ्याच. खरपूस रंग यायला मांसाचा पृष्ठभाग 140 अंशांच्या वर जावा लागतो आणि पाणी आहे तोवर तो 100 च्या वर जात नाही, म्हणून तुमचे कबाब उकडले जातायत. नॉनस्टिक एवढं कडक तापवत बसायचं नाही, 260 अंशांच्या पुढे कोटिंग खराब व्हायला लागतं. बिड तापायला वेळ घेतं पण एकदा तापलं की गार कबाब ठेवल्यावरही उष्णता धरून राहतं. मध्यम आचेवर दहा मिनिटं रिकामा तवा तापवा, मग तेलाचा हात फिरवा. मी तर रेघांपेक्षा सपाट तवाच सांगेन, रेघांवर कबाब टेकतो तेवढाच भाजतो. आणि चिकटला तर ओढू नका!! खालची बाजू नीट भाजली की तो आपणहून सुटतो, दोन मिनिटं धीर धरा.

प्रश्नकर्ती
कांदा पिळला, वाटीभर पाणी निघालं, बघून धक्काच बसला. जुन्याच पॅनवर केले तरी एकही तुटला नाही. बिडाचा तवा घेतेच आता. पण तो धुराचा वास?

प्रतिसाद ३
चरबी निखाऱ्यावर ठिबकते आणि तिचा धूर वर मांसाला लागतो, तोच तो वास. घरी धुंगार द्या. लाकडी कोळसा गॅसवर लालभडक करून स्टीलच्या वाटीत, वाटी कबाबांच्या मधे, वर चमचाभर तूप आणि लगेच झाकण. दोन-तीन मिनिटंच, जास्त ठेवलंत तर कडवट लागतं. खिडकी उघडी ठेवा. कोळशाची शेगडी मात्र बंद स्वयंपाकघरात अजिबात पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतही नाही.