एजंटशिवाय घर विकताय? भावाची बोलणी कशी झाली, ते लिहा

घराची जाहिरात कशी करावी, कागद कोणते लागतात, हे विचारलं की कुणीही सांगतं. गाडी अडते ती समोरचा 'बोला, कितीला सोडताय?' म्हणतो तिथे. मध्ये कुणी नसल्यामुळे उत्तर आपल्यालाच आणि तिथल्या तिथे द्यावं लागतं. म्हणून हा धागा. नुसतं 'चांगला भाव आला' नको, काय बोलणं झालं तेही लिहा.

सुरुवात मी करते. आमच्याकडे बहुतेकांचं पालुपद एकच: 'तुमची दलाली वाचतेय, तेवढी आम्हाला सोडा.' मी सांगायचे, एजंटचं काम मीच केलंय. फोटो, फोन, सुट्टीच्या दिवशी घर दाखवणं, सगळं. शेवटी एका कुटुंबानं आगाऊ रक्कम वाढवायची आणि ताबा आमच्या सोयीनं घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा वाचलेल्या दलालीतला निम्मा भाग मी आनंदानं भावातून कमी केला. सवलतीला माझी ना नव्हती, पण बदल्यात काहीतरी पदरात पडायला हवं होतं.

—

घर न बघताच फोनवर 'फायनल किती?' विचारणारे खूप. मी एकच उत्तर धरलं होतं: 'आधी घर बघा, आवडलं तर बसून बोलू.' ज्यांना खरंच घ्यायचं होतं ते आले.

—

आमच्यासमोर एकाच वेळी दोन ऑफर होत्या. मोठा आकडा देणाऱ्यांचं स्वतःचं घर अजून विकायचं होतं, ते विकलं की आमचे पैसे. दुसऱ्यांचा आकडा कमी, पण कर्ज तत्त्वतः मंजूर. घरात बरीच चर्चा झाली. मी कमी आकड्याच्या बाजूनं होतो, कारण पहिल्यांचं घर अडलं असतं तर आमचं नवीन घरही अडलं असतं.

दोघांनाही दुसरी ऑफर असल्याचं खरं सांगितलं, आकडा मात्र कुणाचा कुणाला सांगितला नाही, आणि अमुक दिवसापर्यंत शेवटची ऑफर लेखी द्या म्हटलं. दुसऱ्यांनी थोडं वाढवलं. त्यांनाच घर दिलं.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. बँक कर्ज देताना स्वतःचं मूल्यांकन करते. ते ठरलेल्या भावापेक्षा कमी आलं, तर घेणारा 'कर्ज कमी मिळतंय, भाव उतरवा' म्हणत परत येतो. आम्ही आधीच विचारून ठेवलं होतं: तसं झालं तर वरची रक्कम तुम्ही स्वतः घालणार का? ते 'हो' म्हणाले आणि ते कागदावर आलं.

—

बाथरूमच्या भिंतीला ओल होती. लपवली नाही. दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक आधीच काढून ठेवलं होतं. घेणाऱ्यांनी तपासणीसाठी माणूस आणला, त्यानं ओल दाखवली आणि लगेच भल्यामोठ्या कपातीची मागणी आली. मी तो कागद टेबलावर ठेवला. 'खर्च एवढाच आहे. एक तर मी दुरुस्त करून देते, नाहीतर एवढीच रक्कम वजा करा.' बोलणं तिथेच मिटलं. कागद नसता तर आकडा त्यांच्या मनाचा ठरला असता.

—

आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं होतं की आकड्याचं एकानंच बोलायचं आणि समोरासमोर 'हो' म्हणायचं नाही. 'घरात बोलून उद्या कळवते' म्हटल्यावर कुणाला राग आला नाही. रात्री शांतपणे हिशोब करता यायचा.

—

भाव ठरला, हात मिळवले, आणि मग 'पंखे, गिझर, कपाटं राहणार ना?' आईनं बसवून घेतलेलं लाकडी कपाट मला न्यायचं होतं आणि त्यांनी ते धरूनच आकडा दिला होता. पुन्हा बसावं लागलं. कपाट मी आणलं, त्यांना पडदे आणि स्वयंपाकघरातली चिमणी दिली, भावाला हात लागला नाही. मग खोलीवार यादी करून दोघांनी सह्या केल्या. टोकन परत कधी द्यायचं आणि कधी नाही, हेही वकिलांकडून त्याच कागदात घालून घेतलं.