कॉन्व्हेंटमध्ये पाचवी ते सातवीत नक्की काय शिकवतात? (नाशिक)

गंगापूररोडची_आई
मुलगी आत्ता चौथीत आहे मराठी शाळेत, पाचवीपासून नाशिकरोडच्या एका कॅथलिक शाळेत टाकायचा विचार चालू आहे, इंग्रजी माध्यम आहे पण स्टेट बोर्डच. सासूबाईंना एकच काळजी, तिथे सगळं बायबलच शिकवतील आणि पोरगी मराठी विसरेल. मला तसं वाटत नाही पण खात्रीने सांगताही येत नाहीये. या वर्गांत खरंच काय असतं, कोणाची मुलं असतील तर प्लीज सांगा.

सातवीचा_बाबा
ताई, माझा मुलगा अशाच शाळेत सातवीत आहे, आम्ही हिंदू. पुस्तकं बालभारतीचीच असतात हो. पाचवीत परिसर अभ्यास, मग सहावीपासून विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल वेगळे होतात. सहावीला प्राचीन भारत आणि सातवीला मध्ययुगीन, म्हणजे सातवीत महाराज आणि पुढचं मराठ्यांचं राज्य, तेच जे बाकी शाळांत. गणित मात्र सहावीपासून चढतं, पूर्णांक संख्या, समीकरणं, आणि सातवीत पायथागोरस, तिथे लक्ष द्या.
बायबलचं म्हणाल तर आठवड्यातून एक-दोन तास कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला जातात आणि बाकीची मॉरल सायन्सला, म्हणजे मूल्यशिक्षणाला बसतात. सकाळची प्रार्थना सगळ्यांना असते, हे आधीच घरी सांगून ठेवा म्हणजे नंतर वाद नको. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण सक्तीने देता येत नाही, त्यामुळे काही खटकलं तर सरळ प्रिन्सिपल सिस्टरना भेटा.
मला सगळ्यात आवडली ती त्याची मॉरल सायन्सची वही. सहावीत बायबलमधली ती गोष्ट झाली होती, वाटेत जखमी पडलेल्या माणसाला शोमरोनी म्हणजे परक्या जमातीचा माणूस उचलून नेतो ती, आणि खाली प्रश्न होता की तुझ्या रस्त्यावर असं कोण पडलेलं दिसतं. त्याने द्वारका सर्कलच्या पुलाखाली झोपणाऱ्या आजोबांबद्दल लिहिलं. बाईंनी मार्क दिले नाहीत, त्याऐवजी लिहिलं 'मग तू काय केलंस?' तो दोन दिवस गप्प होता आणि तिसऱ्या दिवशी डब्यातली पोळी वेगळी बांधून मागितली. असा अभ्यास मला तरी शाळेत कोणी दिला नव्हता.

बाळयेशू_परिसर
आम्ही कॅथलिक, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं सांगते. कॅटेकिझममध्ये या वयात मुलांना दहा आज्ञा, सात संस्कार, मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) कशानंतर काय येतं आणि का येतं हे शिकवतात. या संस्कारांपैकी पहिली कम्युनियन (मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घेणं) बऱ्याच जणांची तोपर्यंत झालेली असते, दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) पुढे असतं, त्यामुळे हे मधलं वय म्हणजे पाठ केलेल्या प्रार्थनेचा अर्थ विचारायचं वय. माझ्या मुलीने विचारलं की आपल्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आणि शरणपूरच्या प्रोटेस्टंट मैत्रिणीच्या बायबलमध्ये ६६ का, तेव्हा मलाच फादरना विचारायला जावं लागलं! जुन्या करारातली सात पुस्तकं प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसतात म्हणून. तर हा तास आमच्या मुलांचा, तुमच्या लेकीला त्यात बसवणार नाहीत. आणि आजींना फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या चर्चच्या यात्रेला घेऊन या, किती वेगवेगळ्या धर्मांची माणसं रांगेत उभी असतात ते त्यांना दिसेल.

निवृत्त_मराठी_बाई
मी अशाच एका शाळेत अनेक वर्षं मराठी शिकवलं. २०२० च्या कायद्याने राज्यात सगळ्याच शाळांना मराठी सक्तीची आहे, पण तो कायदा यायच्या आधीही आम्ही शिकवतच होतो. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, एक कॅथलिक धर्मगुरू, हे सासूबाईंना नक्की सांगा. मराठी जाते ती घरातून, घरी वाचन चालू ठेवा बाळा. खरी अडचण पाचवीत इंग्रजीची येईल. विज्ञान आणि गणित अचानक इंग्रजीतून आलं की हुशार मुलंही वर्गात हात वर करत नाहीत. मे महिन्यात रोज अर्धा तास पाचवीचं इंग्रजीतलं गणिताचं पुस्तक दोघींनी मिळून वाचा, नुसते शब्द ओळखीचे होऊ देत, फ्रॅक्शन म्हणजे आपला अपूर्णांकच हे तिला आधी कळू दे. ट्यूशन लगेच लावू नका.

गंगापूररोडची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या दिब्रिटोंचं ऐकून एकदम म्हणाल्या अगं हो, ते पेपरात लिहायचे. शनिवारी शाळेत चाललोय, त्याही येणार आहेत. दादा, ती मॉरल सायन्सची वही शाळा बघायला देते का हो?

सातवीचा_बाबा
आमच्या शाळेत ओपन डेला टेबलावर ठेवतात. तुम्ही मागा, आणि गोष्टीपेक्षा खालचे प्रश्न वाचा.