डनमोरचा दगडी अननस: पानांतलं पाणी जातं कुठे?

जोतं: स्कॉटलंडात एअर्थजवळ डनमोरचं बागघर आहे. सुमारे १४ मीटर उंच, वर घडीव दगडाचा अननस, खाली प्रवेशाच्या कमानीवर १७६१ साल. अननसाची पानं बाहेर झुकून टोकाशी वर वळतात, म्हणजे प्रत्येक पान द्रोणच. तिथल्या हिवाळ्यात पाणी गोठून ती फुटत कशी नाहीत? आणि अशा कामाच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या तर काय बिघडतं?

पन्हळ: पाणी साचतच नाही, हीच त्यातली करामत! प्रत्येक पानाला स्वतंत्र निचरा आहे. दातेरी कडांनाही उतार असा दिलाय की पाणी कुठेच थांबू नये. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. उघड्यावर त्याला वर सरकायला जागा असते. खळग्यात किंवा दगडाच्या छिद्रांत कोंडलेलं पाणी पापुद्रे सोडवतं आणि आधी पातळ टोकं जातात. म्हणून असल्या इमारतीच्या पाहणीत कोरीवकामाआधी निचऱ्याची तोंडं बघावीत. शेवाळ, कुजका पाला अडकला की संपलं. वरून तांब्याभर पाणी ओता. ते लगेच बाहेर पडलं पाहिजे.

ओळंबा: अननसाच्या नादात खालचा भाग नजरेतून सुटतो. उत्तरेची जमीन एक मजला उंच आहे. त्यामुळे बागेतून, म्हणजे दक्षिणेकडून, इमारत दुमजली दिसते आणि उत्तरेकडून थेट अननसाखालच्या खोलीत शिरता येतं. बागेची भिंत पोकळ आहे. भट्टीची गरम हवा तिच्यातून खेळवून काचघरं उबदार ठेवत. धुराडी कलशांच्या रूपात दडवलीत, मुद्दाम सांगितल्याशिवाय ओळखू येत नाहीत.

चुनेगच्ची: सिमेंट नकोच. ते अशा कामातल्या वालुकाश्मापेक्षा कडक आणि कमी सच्छिद्र. ओल सांध्यातून सुकण्याऐवजी दगडातून सुकते, क्षार दगडातच साचतात. काही वर्षांत सिमेंटची रेघ पुढे आणि दगड मागे झिजलेला दिसतो. सांधा रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिमी खोल मोकळा करा, धूळ काढून ओलसर करा. एक भाग नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्यामुळे घट्ट होणाऱ्या) चुन्याला अडीच ते तीन भाग खरबरीत, धुतलेली वाळू. भरल्यावर ओलं गोणपाट लावा. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम पुढे ढकला. अजून घट्ट न झालेला चुना गोठला की भुगा होतो.

जोतं: सांधा मोकळा करायला ग्राइंडर?

चुनेगच्ची: अरुंद सांध्यात अजिबात नाही. पातं घसरलं की दगडाची कड कायमची गेली. बारीक छिन्नीच वापरा.