विषय: सोसायटीच्या बागेत जमिनीखालची तुषार सिंचन व्यवस्था बसवावी का?

मुलुंड, मुंबई

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीहून कायमचे परत आलो असलो तरी अमेरिकेतल्या आपल्या मंडळाशी पत्रव्यवहार सुटलेला नाही, आणि आज त्याचाच आधार घेऊन एक सल्ला मागत आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या इमारती पाच मजली आणि जुन्या आहेत. मधोमध सुमारे ४०० चौरस मीटरची हिरवळ आहे, तिच्या कडेने जास्वंद, अनंत आणि मोगऱ्याचे ताटवे आहेत आणि दोन बाजूंना आंब्याची व बकुळीची मोठी झाडे आहेत. आवारात जुनी विहीर असून तिचे पाणी आम्ही बागेला आणि शौचालयांना वापरतो. आमचे माळीदादा रोज सकाळी नळी घेऊन बाग शिंपतात, परंतु आता त्यांचे वय झाले आहे. ते गावी गेले की हिरवळ पिवळी पडते, आणि ते असतानाही नळी पोचते तिथे चिखल आणि पोचत नाही तिथे भेगा, ही तक्रार दर सर्वसाधारण सभेत होते.

एका कंत्राटदाराने जमिनीखाली पाइप टाकून ठरलेल्या वेळी आपोआप वर येणारे फवारे बसवण्याचा प्रस्ताव दिला आहे. त्यात फवाऱ्यांची संख्या आणि एकूण रक्कम आहे, मात्र पाणी किती लागेल, दाब कुठून येईल आणि पावसाळ्यात व्यवस्थेचे काय होईल याबद्दल एक अक्षरही नाही. कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ही व्यवस्था वर्षानुवर्षे आहे, म्हणून तिचा खरा अनुभव आणि मुंबईत ती कितपत चालेल याविषयीचे मत कृपया सविस्तर कळवावे. पार्ल्याच्या काकांनी कॅलिफोर्नियात याच क्षेत्रात काम केले आहे, तेव्हा त्यांना माझी विशेष विनंती आहे.

एडिसन, न्यू जर्सी

सप्रेम नमस्कार.

आमच्या अंगणात जमिनीखालचे फवारे आहेत आणि मी त्यांच्यावर समाधानी आहे, हे आधी सांगते. मात्र आमच्याकडच्या अडचणी आणि तुमच्याकडच्या अडचणी यांत फार अंतर आहे. इथे थंडी सुरू होण्यापूर्वी कंप्रेसरने हवा सोडून पाइपांतले सगळे पाणी बाहेर काढावे लागते, नाहीतर ते गोठून पाइप आणि व्हॉल्व्ह फुटतात. हा खर्च दर वर्षी ठरलेला. मुंबईत तो वाचेल.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा वॉटरसेन्स नावाचा कार्यक्रम आहे. त्यांच्या सांगण्यानुसार ज्या घरांत स्वयंचलित सिंचन आहे, तिथे ते नसलेल्या घरांपेक्षा बाहेरच्या वापराचे पाणी सुमारे ५० टक्के जास्त खर्च होऊ शकते. कारण उघड आहे. हातात नळी धरणारा माणूस माती ओली दिसली की थांबतो. घड्याळाला माती दिसत नाही. म्हणूनच फ्लोरिडा राज्याने १९९१ पासून नव्या स्वयंचलित व्यवस्थेला पाऊस ओळखून पाणी बंद करणारे उपकरण सक्तीचे केले. तुमच्या प्रस्तावात ते उपकरण नसेल, तर पुढची चर्चा करण्यापूर्वी ते घालून घ्या. शिवाय गवत कापताना यंत्राचा धक्का लागून फवाऱ्याचे तोंड तुटले, तर पहाटेच्या अंधारात पाणी वाहून जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी दिवसाउजेडी सगळे फवारे चालवून बघणारा माणूस लागतोच. माळीदादांचे काम बदलेल, ते संपणार नाही.

विलेपार्ले, मुंबई

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि एडिसनच्या वहिनींचे उत्तर, दोन्ही काळजीपूर्वक वाचले. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: संपूर्ण बागेसाठी हा प्रस्ताव आहे तसा स्वीकारू नये. का ते विस्ताराने लिहितो, कारण सभेत तुम्हाला प्रत्येक मुद्द्यावर उत्तर द्यावे लागेल.

प्रथम पाण्याचा हिशेब. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर पडले की ते बरोबर एक लिटर होते, त्यामुळे हा हिशेब कोणालाही करता येतो. एप्रिल-मेच्या उन्हात आपल्याकडे हिरवळीतून दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी उडून जाते. तुमच्या ४०० चौरस मीटरला म्हणजे रोज सुमारे २००० लिटर लागतील, आणि वाऱ्याने उडणारे व वाहून जाणारे पाणी त्याहून वेगळे. घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा आपल्याकडचा मान्य निकष धरला, तर हे जवळजवळ १५ माणसांचे पाणी झाले. महिन्याला ६०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे सहा टँकर. आपले बहुतेक पाणी शहापूर-मोखाडा भागातल्या धरणांतून येते. त्या तलावांची पातळी घसरली म्हणून पालिकेने २०२३ च्या जुलैत १० टक्के कपात केली आणि २०२४ मध्ये मेअखेर ५ व जूनमध्ये १० टक्के कपात केली. २०२५ च्या एप्रिलमध्ये टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा किती सोसायट्यांची धावपळ उडाली, ते आपण पाहिले आहे. ज्या महिन्यांत हिरवळीला सर्वाधिक पाणी लागते, नेमक्या त्याच महिन्यांत शहराकडे ते सर्वात कमी असते. म्हणून पालिकेच्या पाण्यावर ही व्यवस्था चालवण्याचा विचार मला मुळातच मान्य नाही.

तुमच्याकडे विहीर आहे, ही जमेची बाजू. परंतु विहिरीचा भरवसा मे महिन्यात तपासायचा असतो, डिसेंबरात नव्हे. दोरीला वजन बांधून सकाळी पाण्याची पातळी मोजा, पंप एक तास चालवा, पुन्हा मोजा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती वर आले ते पाहा. शौचालयांचा वापर वजा जाता रोजचे २००० लिटर सुटत असतील तरच पुढे जा. त्याच वेळी पाण्याचा खारटपणाही प्रयोगशाळेत तपासून घ्या. मुळाशी दिलेले किंचित खारट पाणी बरीच झाडे सोसतात, पण तेच पाणी फवाऱ्याने पानांवर पडून वाळले की पानांच्या कडा करपतात.

आता दाब. हिरवळीसाठी वापरतात त्या स्थिर फवाऱ्यांना सुमारे २ बार आणि फिरत्या फवाऱ्यांना सुमारे ३ बार दाब लागतो. पाण्याच्या १० मीटर उंचीने साधारण १ बार दाब मिळतो. तुमच्या गच्चीवरची टाकी जमिनीपासून १७-१८ मीटरवर असेल, तेव्हा पाइपांतले घर्षण वजा जाता तो दाब पुरणार नाही, आणि पुरला असता तरी विजेने वर चढवलेले पाणी बागेसाठी पुन्हा खाली आणणे योग्य नाही. म्हणजे जमिनीवरची वेगळी टाकी आणि वेगळा पंप आला. साडेचार मीटर फेकणारा पूर्ण गोल फवारा मिनिटाला सुमारे १४ लिटर पाणी घेतो. एका फवाऱ्याचे पाणी शेजारच्या फवाऱ्यापर्यंत पोचावे असा नियम असल्यामुळे तुमच्या हिरवळीला चार मीटरच्या अंतराने ३६ फवारे लागतील, आणि कडेचे फवारे अर्धा व कोपऱ्यांतले पाव गोलच फेकत असले तरी ते सगळे एकदम सुरू केले तर मिनिटाला सुमारे ३५० लिटर पाणी लागेल. म्हणून हिरवळीचे चार-पाच भाग करून प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह द्यावा लागतो. प्रस्तावात हे भाग दाखवले नसतील, किंवा फवारे पैसे वाचवण्यासाठी दूर दूर बसवले असतील, तर आज जी चिखल-भेगांची तक्रार आहे तीच उद्या पैसे खर्चूनही राहील. दाब कमी पडला की फवाऱ्याभोवती कोरडे कडे राहते. जास्त झाला की पाण्याचे धुके होऊन ते दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर शेजारच्या गाड्यांवर जाते.

कंत्राटदार कदाचित पालिकेच्या जलवाहिनीला थेट जोडून देतो म्हणेल. तसे मुळीच करू देऊ नका. आपल्याकडे पाणी दिवसाचे काही तास येते, आणि पुरवठा बंद झाल्यावर वाहिनी रिकामी होताना तिच्यात उलटी ओढ निर्माण होते. जमिनीलगतच्या फवाऱ्याच्या तोंडाशी साचलेले गढूळ पाणी त्या ओढीने पिण्याच्या वाहिनीत जाऊ शकते. अमेरिकेत चोवीस तास दाब असूनही उलटा प्रवाह रोखणारे उपकरण बसवून घेतात. इथे तर टाकीत वरून पाणी पडेल आणि नळ व पाणी यांत हवेची मोकळी जागा राहील, हीच रचना खात्रीची.

पावसाळ्याचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर आहे, आणि या काळात सांताक्रूझला सुमारे २३०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे ही व्यवस्था वर्षातले चार महिने बंद राहणार आणि त्या चार महिन्यांत चिखलाखाली असणार. व्हॉल्व्ह ज्या जमिनीतल्या पेट्यांत बसवतात त्या पेट्या पाण्याने भरतात. विजेचे जोड खास जलरोधक नसतील तर ऑक्टोबरात एकही व्हॉल्व्ह उघडत नाही. त्याहून गंभीर म्हणजे त्या साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. आपण कुंडीखालच्या ताटल्या आणि टायर हटवतो आणि स्वतःच जमिनीत झाकणाच्या पेट्या पुरून ठेवतो, हे डेंग्यू-मलेरियाच्या या शहरात परवडणारे नाही. पेट्यांच्या तळाशी खडीचा थर आणि निचऱ्याची सोय हवी, आणि दर आठवड्याला झाकण उघडून पाहण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी हवी. उरला घुशींचा उपद्रव. आमच्या आवारात विहिरीच्या पंपाकडे जाणारी केबल घुशींनी अशी कुरतडली होती की आतली तांब्याची तार उघडी पडली होती आणि भोवती मुठीएवढी माती उकरलेली होती. केबल जाड पाइपातूनच न्यावी, एवढे कंत्राटात लिहून घ्या.

खोदकामाविषयी. आंबा आणि बकूळ यांच्या फांद्यांच्या घेराखाली चर खणू नये. अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात, आणि १९७५ च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला इजा करणे हेसुद्धा झाड तोडण्याच्या व्याख्येत येते. शिवाय जुन्या इमारती म्हणता, तेव्हा पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर जमिनीत पुरलेला प्रत्येक रुपया पाडकामाबरोबर जाईल, हे सभासदांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

मग करावे काय? मी तुमच्या जागी असतो तर ताटव्यांना आणि झाडांना ठिबक दिले असते. ठिबकला सुमारे १ बार दाब पुरतो, नळ्या मातीवरच राहतात, पाणी थेट मुळाशी जाते, आणि आपल्या राज्यात जळगावपासून सोलापूरपर्यंत शेतकऱ्यांनी ते इतकी वर्षे वापरले आहे की सुटे भाग आणि जाणकार माणसे दोन्ही मिळतात. विहिरीच्या पाण्याला गाळणी मात्र हवीच. हिरवळीसाठी जमिनीखाली एकच मुख्य पाइप टाकून त्यावर चार-पाच ठिकाणी क्विक कपलिंग व्हॉल्व्ह बसवावेत. हे व्हॉल्व्ह जमिनीच्या पातळीत असतात, त्यात किल्ली फिरवली की पाणी सुरू होते, आणि त्या किल्लीला नळी किंवा हलता फवारा जोडता येतो. माळीदादांना लांब नळी ओढत आवारभर फिरावे लागणार नाही, विजेचे व्हॉल्व्ह आणि पेट्या लागणार नाहीत, आणि पुढे कधी स्वयंचलित फवारे हवेच असे ठरले तर हाच पाइप उपयोगी पडावा म्हणून तो आत्ताच योग्य जाडीचा घ्यावा. हिरवळीचा आकारही कमी करता येईल का, हे एकदा मोकळेपणाने विचारा. आंब्याच्या सावलीत गवत तसेही नीट येत नाही.

यानंतरही सभेचा कौल फवाऱ्यांच्याच बाजूने पडला, तर कंत्राटदाराचे शेवटचे पैसे एका चाचणीनंतर द्या. सारख्या आकाराचे, सरळ कडांचे रिकामे डबे हिरवळीवर जागोजागी ठेवून पाव तास फवारे चालवावेत आणि प्रत्येक डब्यातले पाणी पट्टीने मोजावे. एका डब्यात ६ मिलिमीटर आणि दुसऱ्यात १५ भरले, तर मांडणी चुकली आहे आणि ती दुरुस्त करून देणे त्याचे काम आहे.

मुलुंड, मुंबई

काका आणि वहिनी, सप्रेम नमस्कार.

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. दोन्ही पत्रे कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवली. पुनर्विकासाची चर्चा आमच्याकडे प्राथमिक स्वरूपात आहे, तेवढ्या एका कारणानेही फवाऱ्यांचा आग्रह धरणारे बरेच सभासद विचारात पडले. ताटव्यांना ठिबक आणि हिरवळीला क्विक कपलिंग व्हॉल्व्ह, असा बदललेला प्रस्ताव तीन ठिकाणांहून मागवण्याचे ठरले आहे. विहिरीची पातळी मे महिन्यात मोजू आणि तोपर्यंत कोणालाही आगाऊ रक्कम देणार नाही.

माळीदादांनाही बैठकीला बोलावले होते. त्यांचे म्हणणे असे की विहिरीच्या बाजूचा कोपरा खोलगट आहे आणि तिथे पाणी आपोआप उतरते, तेव्हा त्या बाजूला व्हॉल्व्ह देऊ नये. काका, मुख्य पाइप किती जाडीचा घ्यावा आणि त्या कोपऱ्याला वगळून व्हॉल्व्ह कुठे असावेत, हे पाहण्यासाठी एखाद्या रविवारी सकाळी आपण आमच्याकडे येऊ शकाल का? मी गाडी घेऊन पार्ल्याला येईन.