मदत हवी आहे: कळंबा तलावाच्या काठावरील चिखल्याचे घरटे कसे राखावे?

कोल्हापुरातील कळंबा तलावाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या खडकाळ काठावर मला कंठेरी चिखल्या या पाणकाठच्या छोट्या पक्ष्याचे घरटे आढळले आहे. घरटे म्हणजे तळहातात मावेल एवढा खळगा आणि त्यात गडद ठिपक्यांची, मातकट रंगाची चार अंडी. पाय पडण्याआधी दिसली हे नशीबच. डोळ्याभोवतीचे पिवळे कडे आणि गळ्यातील काळा पट्टा दुर्बिणीतून स्पष्ट दिसल्यामुळे ओळखीबद्दल शंका नाही, शिवाय अंडी टिटवीच्या अंड्यांहून बरीच लहान आहेत.

अडचण अशी की, गाळ नेणाऱ्या ट्रॅक्टरची चाकोरी घरट्यापासून जेमतेम दहा पावलांवर आहे. चालकांना विनंती केली आणि त्यांनी ती मानलीही, पण चालक रोज बदलतात. मी जवळ गेलो की पक्षी पंख मोडल्याचे सोंग करून फरफटत मला दूर नेऊ पाहतो, म्हणून आता दिवसातून एकदाच आणि लांबूनच पाहतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ पाहता अंडी दुसरीकडे हलवण्याचा पर्याय मी सोडून दिला आहे.

उबवण साधारण २४-२५ दिवसांची असते आणि पिल्ले बाहेर पडल्यावर लवकरच चालू लागतात, त्यामुळे फार तर साडेतीन आठवडे निभावायचे आहेत. जमिनीवरील घरटी ज्यांनी प्रत्यक्ष राखली आहेत, त्यांनी कृपया सांगावे: खूण नेमकी कशाची आणि घरट्यापासून किती अंतरावर करावी, म्हणजे ती चालकाला दिसेल, पण कावळ्या-कुत्र्यांना घरट्याचा माग लागणार नाही?