कॅम्परव्हॅनच्या प्रवासात युद्धभूमी आणि छळछावण्या कशा बसवाव्यात?

विचारणा

सप्टेंबरमध्ये म्युनिकहून कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन पत्नी आणि बारा वर्षांच्या मुलीसह तीन आठवडे फिरण्याचा आमचा बेत आहे. दाखाउ व आउश्वित्झ या नाझींच्या छळछावण्या आणि वर्दून (फ्रान्स) व ईप्र (बेल्जियम) या पहिल्या महायुद्धातील युद्धभूमी, अशी चार ठिकाणे यादीत आहेत, आणि त्यांच्या अधूनमधून आल्प्समधली तळी व ऱ्हाइनकाठची गावे. नकाशावर सारे जुळते, पण सकाळी छळछावणी पाहून संध्याकाळी तळ्याकाठी खुर्च्या मांडून जेवायला बसायचे, हे मनाला पटत नाही. मुलीला कोठे न्यावे आणि रात्री गाडी कोठे उभी करावी, याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

आउश्वित्झ या फेरीतून वगळावे, असे मी स्पष्टच सुचवतो. ते दक्षिण पोलंडमध्ये, म्हणजे आपल्या उरलेल्या मार्गाच्या अगदी उलट दिशेला आहे, आणि कॅम्परव्हॅन मोटारीच्या वेगाने चालत नाही. जायचेच असेल, तर प्रवेश विनामूल्य असला तरी नावानिशी पास ऑनलाइन आधी घ्यावा लागतो, आणि मार्गदर्शकासह मुख्य छावणी व तेथून सुमारे तीन किलोमीटरवरील बिर्केनाउ ही दुसरी छावणी पाहण्यास साडेतीन तास लागतात. जेथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, ती जागा पुढच्या मुक्कामाच्या घाईत पाहण्याची नव्हे. चौदा वर्षांखालील मुलांना आणू नये, अशी त्या संग्रहालयाचीच सूचना आहे. त्यामुळे मुलीचा प्रश्न तेथे आपोआप सुटतो.

दाखाउ म्युनिकच्या अगदी जवळ आहे. मार्च १९३३ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यानंतर दोन महिन्यांच्या आत ही छावणी सुरू झाली, आणि पुढच्या छावण्यांसाठी तिचाच नमुना वापरला गेला. तेथे आपण दोघांनी आळीपाळीने जावे.

दुसरा प्रतिसाद

जेवणाबद्दलची आपली बोचणी मला समजते, तरी ती थोडी अनाठायी वाटते. दाखाउहून परतल्यावर आम्ही दोघे तासभर एकमेकांशी बोललो नाही, आणि त्या संध्याकाळी कांदा चिरणे, भांडी घासणे, पाण्याची टाकी भरणे ही कामे होती म्हणूनच निभावले. पथ्य एकच पाळावे: एका दिवशी असे एकच ठिकाण, आणि दुसरा दिवस मोकळा.

मुक्काम मात्र स्मारकाच्या वाहनतळावर करू नये, मग तेथे मनाईचा फलक असो वा नसो. जर्मनीत ‘श्टेलप्लाट्झ’ आणि फ्रान्समध्ये ‘एर’ म्हणतात ते कॅम्परव्हॅनचे तळ अनेक गावांत असतात, आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी पाणी भरण्याची व शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय असते. वाहनतळांच्या तोंडाशी पुष्कळदा उंचीचा आडवा दांडा असतो, म्हणून गाडीची उंची कागदावर लिहून काचेपाशी चिकटवावी. (छतावरची खिडकी गमावल्यावरच आम्ही ती उंची लिहिली.)

वर्दूनला मुलीला जरूर न्यावे. १९१६ साली तेथे जवळजवळ दहा महिने लढाई चालली आणि दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक मेले. फ्लरी हे गाव त्यात नाहीसे झाले. आता झाडांमध्ये खळगे उरले आहेत आणि येथे कोण राहत होते, कोणाचे दुकान होते, हे सांगणाऱ्या खुणा आहेत. मुलांना आकड्यांपेक्षा हे चटकन कळते. जवळच्या दुओमों अस्थिगृहात ओळख न पटलेल्या सुमारे १,३०,००० सैनिकांच्या अस्थी आहेत आणि त्या इमारतीच्या खालच्या खिडक्यांतून दिसतात, हे मात्र तिला आधी सांगून ठेवावे. जंगलात पायवाट सोडू नये, कारण न फुटलेले तोफगोळे अजूनही सापडतात.

तिसरा प्रतिसाद

ईप्रपर्यंत जाणार असाल, तर तेथून तासाभराच्या आत, फ्रान्समध्ये असलेले नव शापेल येथील भारतीय स्मारक चुकवू नये. मार्च १९१५ च्या हल्ल्यात ब्रिटिश भारतीय सैन्याचे मेरठ डिव्हिजन तेथे आघाडीवर होते. गोलाकार भिंतीवर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत, ज्यांना स्वतंत्र कबर मिळाली नाही अशांची. त्यांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले गबर सिंह नेगीही आहेत. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय तेथे कोणीही नव्हते. गर्दीच्या स्थळांहून आलेल्या माणसाला ती शांतता आधी चुकल्यासारखी वाटते.

विचारणाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. आउश्वित्झ वगळले आहे. ते मुलगी मोठी झाल्यावर स्वतंत्रपणे करू. दाखाउ पहिल्याच दिवशी न ठेवता परतीच्या वेळी ठेवतो. ईप्रच्या मेनिन गेट या स्मारक-कमानीपाशी रोज संध्याकाळी बिगूल वाजवून मानवंदना देतात असे वाचले. त्यासाठी तिकीट लागते का?

तिसरा प्रतिसाद (पुन्हा)

तिकीट नाही. वेळ रात्री आठची. पण अर्धा तास आधी पोहोचावे, म्हणजे मुलीला पुढे उभे राहता येईल. कमानीखालची वाहतूक तेवढ्यापुरती थांबवतात. कार्यक्रम संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात, हे तिला आठवणीने सांगावे.